साडेसोळा मिलिमीटरची रेल्वे

कोल्हापूरच्या वायव्येस सतरा-अठरा किलोमीटरवर वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. त्यावरचे जोतिबाचे मुख्य देऊळ आज ज्या रूपात उभे आहे, ते १७३० साली राणोजी शिंदे यांनी बांधवून घेतले. राणोजींचे वंशज पुढे ग्वाल्हेरचे राजे झाले. राज्य उत्तरेत गेले, कुलदैवत मात्र पंचगंगेच्या खोऱ्यातच राहिले. याच घराण्यातील माधवराव शिंदे (१८७६ ते १९२५) यांच्या जेवणाच्या मेजावर एक आगगाडी धावत असे, आणि आपल्या आजच्या विषयाची सुरुवात त्या मेजापासून करणे सोयीचे आहे.

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील ही चांदीची गाडी आजही तेथील संग्रहालयात पाहायला मिळते. लांबलचक मेजावर रूळ, रुळावर विजेवर चालणारे छोटे इंजिन आणि मागे काचेची भांडी लावलेले डबे. प्रत्येक डब्यावर शिंदे घराण्याच्या इंग्रजी नावातील एकेक अक्षर. जेवण झाले की ही गाडी पाहुण्यांपुढून मद्य आणि चिरूट घेऊन फिरे. पाहुण्याने डब्यातील पात्र उचलले की गाडी थांबे आणि पात्र परत ठेवले की पुढे निघे. यात जादू काही नाही. डब्याच्या तळाशी स्प्रिंगवर बसवलेली, वजनाने मिटणारी आणि वजन काढताच उघडणारी एक कळ असली की एवढे काम होते. एक सेल, छोटी मोटर आणि पत्र्याची पट्टी घेऊन सातवी-आठवीची मुले हा प्रयोग तासाभरात करू शकतील.

माधवरावांचे वेड मेजापुरते नव्हते. १८९० च्या दशकात त्यांनी अवघ्या दोन फुटांच्या, म्हणजे ६१० मिलिमीटर रुंदीच्या रुळांची रेल्वे आपल्या राज्यात घालायला घेतली. तिचीच पुढे ग्वाल्हेर लाइट रेल्वे झाली. ग्वाल्हेर ते श्योपूर ही तिची सर्वांत लांब शाखा सुमारे २०० किलोमीटरची होती. खेळण्याएवढ्या रुंदीची आणि तरीही खऱ्या प्रवाशांची ही गाडी २०२० पर्यंत चालू होती.

तरीही मेजावरच्या त्या गाडीला आपण छंदिष्टाची रेल्वे म्हणणार नाही. ती एकटी आहे. तिला दुसऱ्या कुणाचा डबा जोडता येत नाही, तिच्या रुळावर दुसऱ्या कुणाचे इंजिन चालत नाही, तिचे चाक मोडले तर नवे चाक केवळ तिच्यासाठीच घडवावे लागते. एकट्या राजाला हे परवडते. छंद म्हणजे मात्र बहुतेक वेळा मध्यमवर्गीय माणसांचा व्यवहार. त्यात देवघेव असते, जोडणे-तोडणे असते, दर वर्षी थोडी भर असते. हे सारे शक्य व्हायला आधी एक गोष्ट लागते, ती म्हणजे सर्वांनी मान्य केलेले माप. छोट्या रेल्वेचा इतिहास हा मुख्यतः या मापाचा इतिहास आहे.

जर्मनीत गोपिंगेन नावाचे गाव आहे. तेथे १८५९ मध्ये थिओडोर मेर्कलिन या पत्राकाम करणाऱ्या कारागिराने बाहुल्यांच्या स्वयंपाकघराची भांडी करून विकायला सुरुवात केली. त्याची पत्नी कॅरोलिन गावोगाव हिंडून ती विकत असे. आपल्याकडची भातुकली आणि ही भांडी यांत एक साम्य आहे : संच एकदम घ्यावा लागत नाही. या वर्षी चूल, पुढच्या वर्षी पातेले, नंतर बंब असे करत घर भरते. पुढे मुलांच्या हाती कारखाना आला, तेव्हा त्यांनी भातुकलीचे हे तत्त्व आगगाडीला लावले. १८९१ च्या वसंत ऋतूत लाइपझिगच्या जत्रेत मेर्कलिन बंधूंनी आठच्या आकड्याच्या आकारातील रुळांवर धावणारी चावीची गाडी मांडली. गाडीपेक्षा महत्त्वाचे होते ते रुळांचे ठरवून दिलेले अंतर. या अंतरांना त्यांनी क्रमांक दिले. त्यांपैकी ‘एक’ क्रमांकाचे अंतर आजच्या पद्धतीने मोजले तर ४५ मिलिमीटर भरते. आज घेतलेल्या गाडीला पाच वर्षांनी घेतलेला डबा लागेल, असे आश्वासन देणारे हे पहिले खेळणे. त्यापूर्वीच्या पत्र्याच्या गाड्या कुणाच्याही कशाही मापाच्या असत.

योगायोग असा, की त्याच वसंतात खुद्द कोल्हापुरात पहिली गाडी आली. मिरज ते कोल्हापूर हा सुमारे ४७ किलोमीटरचा मार्ग संस्थानाने बांधला. त्याच्या कामाचा आरंभ मे १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते झाला, तेव्हा ते चौदाव्या वर्षात होते. मार्ग वाहतुकीस खुला झाला तो एप्रिल १८९१ च्या तिसऱ्या आठवड्यात. आता एक छोटेसे गणित करू या. २३ मे १८९१ रोजी खग्रास चंद्रग्रहण होते, म्हणजे त्या रात्री पौर्णिमा होती. त्यातून एक चांद्रमास, साडेएकोणतीस दिवस, वजा केला की आधीची पौर्णिमा २४ एप्रिलच्या आसपास येते. ही चैत्री पौर्णिमा, म्हणजे जोतिबाच्या मोठ्या यात्रेचा दिवस. रेल्वे सुरू झाली आणि तीन-चार दिवसांत सासनकाठ्या डोंगर चढू लागल्या! पंचांग हाताशी नसताना जुनी तिथी कशी काढावी याचे हे उदाहरण वर्गात चांगले रंगते.

कोल्हापूरला आलेले रूळ एक मीटर रुंदीचे होते. हे ‘मीटर’ कुठून आले? १८७० च्या सुमारास हिंदुस्थानात फूट, इंच, गज, कोस यांचे राज्य होते. पहिल्या रेल्वेसाठी साडेपाच फुटांची, म्हणजे १६७६ मिलिमीटरची रुंदी ठरलेली होती. लॉर्ड मेयो यांच्या काळात स्वस्त आणि अरुंद रेल्वेचा विचार निघाला, तेव्हा देशात मेट्रिक पद्धती आणण्याचाही बेत चालू होता. तसा कायदाही १८७१ मध्ये झाला. म्हणून सव्वातीन फुटांच्या आसपासची रुंदी ठरवताना ती नेमकी एक मीटर करण्यात आली. पुढे मेट्रिक पद्धतीचा बेत बासनात गेला आणि बाजारात मीटर-किलो यायला १९५० चे दशक संपत आले. मधली ऐंशी-पंचाऐंशी वर्षे पायलीने धान्य मोजणाऱ्या मुलुखांतून अस्सल फ्रेंच माप जमिनीला खिळून पडले होते. गुळाच्या रव्यांची वजने मणात होत आणि ते रवे मीटरवरून मिरजेला जात, असे म्हणायला हरकत नाही.

आता पुन्हा युरोपकडे. ‘एक’ क्रमांकाची गाडी मोठ्या घरांत शोभे, लहान घरांत ती मावेना. मग ३२ मिलिमीटरचा ‘शून्य’ क्रमांक आला. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी, ज्यांच्या मेकॅनोने आपल्याकडच्याही एका पिढीला नटबोल्टचे वेड लावले, त्यांनी १९२० पासून याच मापाच्या चावीच्या गाड्या विकल्या. १९२२ मध्ये न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याने त्याच्याही निम्म्याने लहान, मेजावर मावणारी गाडी काढली. १९३५ मध्ये त्याच शहरातील ट्रिक्सने आणि मेर्कलिनने विजेवर चालणाऱ्या अशा गाड्या बाजारात आणल्या आणि रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटरवर स्थिरावले. ट्रिक्स उभी करणारे स्टेफान बिंग ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांना १९३८ मध्ये धंदा सोडून इंग्लंडला जावे लागले. त्यांचे माप मात्र जर्मनीत राहिले आणि युद्धानंतर जगभर पसरले. शून्याच्या निम्मे म्हणून त्याला ‘हाफ झीरो’ असे नाव पडले. छंदिष्ट त्याला थोडक्यात ‘एच शून्य’ किंवा ‘एच ओ’ म्हणतात.

साडेसोळाच का? युरोप-अमेरिकेतील बहुतेक रेल्वेची रुंदी १४३५ मिलिमीटर आहे. तिला ८७ ने भागा, साडेसोळा येतात. म्हणजे प्रमाण १:८७. हे प्रमाण एकदा ठरले की १७० सेंटिमीटरचा माणूस दोन सेंटिमीटरचा होतो आणि घरे, झाडे, दिव्याचे खांब, बाके सगळे त्या हिशेबाने विकत घेता येते. अमेरिकेत १९३५ पासून आणि युरोपात १९५४ पासून छंदिष्टांच्याच संघटना ही मापे लेखी प्रसिद्ध करत आल्या आहेत. चाकाची कड किती जाड, सांध्यात फट किती, हेही त्यात असते. सरकारी मानक संस्थेच्या कामासारखे हे काम हौशी लोकांनी केले, हे मला या छंदातील सर्वांत कौतुकाचे वाटते. तरी भांडणे संपली नाहीतच. मेर्कलिनने विजेसाठी मधला तिसरा मार्ग आणि एसी प्रवाह ठेवला, इतरांनी दोन रूळ आणि डीसी. रुंदी तीच, पण एकाचे इंजिन दुसऱ्याच्या रुळावर मुकाट उभे राहते. इंग्रजांनी आणखी एक तडजोड केली. त्यांची खरी इंजिने आकाराने लहान, त्यामुळे १:८७ च्या सांगाड्यात त्या काळची मोटर मावेना. त्यांनी सांगाडा वाढवून १:७६ केला, रूळ मात्र साडेसोळाचेच ठेवले. तेव्हापासून इंग्लंडमधील बहुतेक छोट्या गाड्या पायांत जरा आखूड अंतर ठेवूनच चालतात.

भारतीय छंदिष्टाचा प्रश्न इथेच सुरू होतो, आणि मिरज हे तो समजून घेण्याचे उत्तम ठिकाण. मिरजेला १८८० च्या दशकात मीटर रुंदीचे रूळ आले. १९२७ मध्ये कुर्डूवाडीकडून बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे रूळ येऊन भिडले. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद झाला आणि त्यानंतर काही वर्षे या एका जंक्शनात तिन्ही मापे शेजारी शेजारी नांदली. माल एका मापाच्या वाघिणीतून दुसऱ्या मापाच्या वाघिणीत हमालांच्या पाठीवरून जाई. असे जंक्शन १:८७ मध्ये करायला घेतले तर रुंद मार्ग १९.३, मीटर मार्ग ११.५ आणि अरुंद मार्ग ८.८ मिलिमीटरचा हवा. बाजारात मिळतात साडेसोळा, बारा आणि नऊचे रूळ. बारा आणि नऊ यांच्यातील फरक डोळ्याला कळत नाही. साडेसोळाचा कळतो. त्यावर उभे केलेले आपले रुंद मार्गाचे इंजिन खऱ्या हिशेबाने चोवीस सेंटिमीटर अरुंद पायांवर उभे असते. गाडी समोरून पाहिली की ती तोल सावरत चालल्यासारखी दिसते.

यावर एक सुंदर तोड आहे, आणि ती फूट-इंचांतूनच सुचते. एका फुटाला तीन मिलिमीटर असे प्रमाण धरा. साडेपाच फूट गुणिले तीन, बरोबर साडेसोळा! म्हणजे बाजारातील रूळ आपल्या रुंद मार्गाला चपखल बसतात. पण मग प्रमाण होते १:१०१.६, आणि दुकानातील १:८७ ची घरे, माणसे, झाडे त्या गाडीपुढे थोराड दिसू लागतात. एक खोटे काढले की दुसरे आत येते. रूळ खरे ठेवायचे की भोवतालचे जग, हे आधी ठरवावे लागते. पाश्चात्त्य छंदिष्टासाठी हा निर्णय कारखानदाराने घेऊन ठेवलेला असतो, आपल्याला तो स्वतः घ्यावा लागतो. म्हणून भारतीय गाड्यांच्या प्रतिकृतींचा छंद हा मुळातच विकत घेण्याचा कमी आणि बदलून घेण्याचा जास्त आहे.

बदलण्याच्या या कामाचे एक नमुनेदार उदाहरण बार्शी लाइटचेच देता येईल. ती बांधणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये कुर्डूवाडी-बार्शी मार्ग सुरू केला. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार नको, हे त्यांचे सूत्र. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी त्याच ७६२ मिलिमीटरची लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे उभारली आणि तिच्या इंजिनांवर बार्शीच्या इंजिनांची छाप होती. ती रेल्वे १९०४ ते १९३४ एवढीच जगली, पण इंग्रज छंदिष्टांची मोठी लाडकी. तिच्या प्रतिकृती पुन्हा पुन्हा झाल्या. पंढरीच्या वाऱ्या करणाऱ्या गाडीचे इंजिन करायचे, तर तिच्या या इंग्रज बहिणीपासून सुरुवात करावी आणि चाकांची रचना, टाक्या, छत हळूहळू बदलत जावे, हा सोपा मार्ग. खाली नऊ मिलिमीटरच्या तयार गाडीची मोटर आणि चाके, वर पितळी पत्र्याचा, डाग देऊन जोडलेला सांगाडा. असे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला शिकवावे लागणार नाही. लेथवर छोटी चिमणी उतरवणे त्याला नवे नाही.

प्रमाणाने सगळेच लहान होत नाही, हे मुलांना पटवायला छोटी रेल्वे फार उपयोगी पडते. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी १:८७ मध्ये सेकंदाला १९ सेंटिमीटर जायला हवी. मुले तिला याच्या तिप्पट वेगाने पळवतात आणि ती लगेच खेळणे दिसू लागते. वजनाचा हिशेब आणखी गमतीचा. लांबी ८७ पट कमी झाली तर घनफळ ८७ च्या घनाने, म्हणजे सुमारे साडेसहा लाख पटींनी कमी होते. साठ टनांचे इंजिन त्या हिशेबाने फक्त ९१ ग्रॅम भरेल. एवढ्या हलक्या इंजिनाची चाके जागीच घसरतील, डबे ओढले जाणार नाहीत आणि रुळाशी विजेचा संपर्कही नीट राहणार नाही. म्हणून इंजिनाच्या पोटात शिसे किंवा इतर जड धातू भरतात. वळणांचेही तसेच. दुकानातील ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण खऱ्या जगात ३१ मीटरचे होते. तेवढ्यात बैलगाडी सुखाने वळेल, लांब डब्यांची आगगाडी नाही.

आणि जागा? मिरज-कोल्हापूर मार्ग १:८७ मध्ये सुमारे ५४० मीटर लांब होईल. जोतिबाचा डोंगर पायथ्यापासून हजारेक फूट उंच आहे. त्याची प्रतिकृती साडेतीन मीटर भरेल, म्हणजे शाळेच्या खोलीचे छत फोडून शिखर वर निघेल. मग छंदिष्ट करतो काय, तर निवडतो. डोंगर दीड हात उंचीचा करतो, पण माथ्यावरची शिखरे आणि दीपमाळा नीट मापात ठेवतो. हातकणंगले आणि रुकडी ठेवतो, एखादे स्टेशन गाळतो. चैत्राचा दिवस दाखवायचा असेल तर गुलाल लावतो, पण तो खरा गुलाल नव्हे, पक्का बसणारा रंग. मोकळी भुकटी ही रुळांची आणि मोटरची वैरीण. नकाशा काढणारा जे करतो तेच हे काम, फक्त हाताने आणि तिन्ही मितींत.

जतनाकडे वळू. नवशिक्याची पहिली तक्रार बहुधा एकच असते : गाडी झटके देते. कारण बहुतेक वेळा रुळावरचा काळपट थर असते. जुने पितळी रूळ हवेत लवकर काळे पडतात. म्हणून पुढे जर्मन सिल्व्हरचे रूळ आले. या धातूत चांदीचा अंशही नसतो. तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. तोही पुसावा लागतो, पण कमी. पुसायला शुद्ध अल्कोहोलचा बोळा पुरतो. काचकागद मात्र वापरू नये. त्याने पडलेल्या बारीक चरांत पुढची घाण अधिक घट्ट बसते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर महिनाभर बंद ठेवलेली गाडी पहिल्या दिवशी चालतच नाही असे धरून चालावे. तेल थेंबभर, तेही सुईच्या टोकाने. अधिक घातले तर ते चाकांतून रुळावर येते आणि धुळीशी मिळून लेप बनते.

याहून गंभीर दुखणे जुन्या गाड्यांना होते. १९२० ते १९४० च्या काळात ओतीव भाग जस्ताच्या मिश्रधातूचे करत. भंगारातून आलेल्या जस्तात शिशाचा अगदी किंचित अंश असे. वर्षानुवर्षे दमट हवेत राहिल्यावर धातूच्या स्फटिकांच्या सीमांवर आतून गंज चढतो, भाग फुगतो, वाकतो, त्यावर भेगांचे जाळे पडते आणि एके दिवशी बोटाच्या दाबाने त्याचा भुगा होतो. संग्राहक याला ‘जस्ताची कीड’ म्हणतात. अर्थात कीड ती नव्हे. ती एकीकडून दुसरीकडे लागत नाही आणि तिच्यावर औषधही नाही. ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरायला लागल्यावरच हे दुखणे थांबले. एकाच कारखान्याची, एकाच वर्षीची दोन इंजिने घ्या : एकाचा भुगा झालेला, दुसरे धडधाकट. फरक त्या दिवशी भट्टीत काय पडले एवढाच.

इथे संग्राहक आणि कारागीर यांचे पटत नाही. किडलेले चाक काढून नवे बसवले तर गाडी धावते, पण ती ‘मूळ’ राहत नाही. रंग उडालेल्या डब्याला नवा रंग दिला तर तो देखणा होतो आणि त्याची किंमत निम्म्यावर येते. माझे मत विचाराल तर कपाटात न धावता उभी असलेली गाडी मला अर्धीच वाटते. पण जुना रंग खरवडणाऱ्याने आधी त्याचा फोटो आणि मापे काढून ठेवावीत, एवढे तरी संग्राहकाचे ऐकावे.

महाराष्ट्रात हा छंद घराबाहेर आणण्याचे श्रेय पुण्याच्या भाऊ जोशी यांचे. कोथरूडमध्ये त्यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. १:८७ प्रमाणातील एक अख्खे शहर तेथे आहे. गाड्या सिग्नल पाळत धावतात, दिवे मंद होऊन रात्र पडते, सर्कस आहे, मोटारीत बसून पाहायचे चित्रपटगृह आहे. तेथील गाड्या आणि इमारती बहुतांशी युरोपीय वळणाच्या आहेत, आणि वर सांगितलेला हिशेब पाहता त्यात नवल नाही. साडेसोळाच्या रुळावर जे निर्दोष चालते ते त्यांनी चालवले. शाळेची सहल पुण्याला जाणार असेल तर मुलांना आत नेण्यापूर्वी एक प्रश्न देऊन ठेवावा : सिग्नल लाल झाल्यावर गाडी कशी थांबते, माणूस थांबवतो की रुळाचा तेवढा तुकडा वीज तोडतो?

कोल्हापूरची रेल्वे मात्र अजून कुठल्या कपाटात नाही, दुकानात तर नाहीच. १९७१ मध्ये एक मीटरचे रूळ उखडले गेले. ती गाडी रोज वापरलेले लोक आज सत्तरीच्या पुढे आहेत. डब्यांचा रंग कोणता, बाकांच्या फळ्या किती, स्टेशनच्या घंटेचा रुळाचा तुकडा कुठे टांगलेला असे, ही माहिती छापील कागदात सहज सापडत नाही. माणसांच्या तोंडी असते, आणि प्रतिकृती करायला बसल्याशिवाय असले प्रश्न कुणी विचारत नाही. मिरज, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी या गावांतील शाळांना हा प्रकल्प अगदी दारात आहे. आजोबांच्या पेटीतील एक फोटो, निवृत्त रेल्वे कामगाराची एक मुलाखत आणि मीटरपट्टी एवढी सामग्री सुरुवातीला पुरे.

रुळांचा प्रश्न त्यांना पडणार नाही. मीटर रुंदीची रेल्वे ४५ मिलिमीटरच्या रुळावर १:२२.२ या प्रमाणात बसते, आणि १९६८ पासून एका जर्मन कारखान्याने बागेत धावणाऱ्या गाड्या जवळपास याच प्रमाणात, १:२२.५ मध्ये, काढल्या. ४५ मिलिमीटर म्हणजे तोच लाइपझिगच्या जत्रेतला ‘एक’ क्रमांक, कोल्हापूरच्या रेल्वेच्याच वयाचा. या मापात प्रवासी साडेसात सेंटिमीटरचा होतो, तीस-पस्तीस फुटी सासनकाठी चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरची, आणि जोतिबाचा डोंगर तेरा-चौदा मीटरचा, म्हणजे शाळेच्या इमारतीहून उंच. त्याच रुळावर ग्वाल्हेरची दोन फुटी गाडी चालवायची असेल तर प्रमाण १:१३.६ घ्यावे लागते. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर शिंद्यांच्या गाडीतला प्रवासी साडेबारा सेंटिमीटरचा, कोल्हापूरच्या प्रवाशाहून बराच उंच दिसेल, कारण त्याची खरी रेल्वे अधिक अरुंद होती.